मागच्या दाराचं टाळं

"दुकानभर टाळी लटकतायत, आणि तुम्ही घराचंच कशाला काढताय?" अव्वा म्हणाल्या.

अप्पा मागच्या दाराच्या कोयंड्यातून पितळी टाळं सोडवत होते. जुनं, जड, हातात घेतलं की मनगट खाली जाईल असं. अप्पा म्हणजे माझे सासरे, अव्वा सासूबाई. पेठेतल्या तोडकर हार्डवेअरचे मालक आणि व्यापारी संघाचे अध्यक्ष. मी गॅसपाशी उभी होते, रेवा कडेवर. रात्रभर तिच्या छातीत मांजर घुरघुरत होतं. आता जरा शांत होती, पण मी तिच्या पाठीवरचा हात काढला नव्हता.

"नव्या टाळ्याच्या डबीत तीन किल्ल्या येतात," अप्पा म्हणाले. "मोर्चात एक आडात टाकली तर लोक म्हणतील, बाकीच्या खिशात आहेत. याची एकच आहे, हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे."

"अप्पा, त्या टाळ्याची..." मी तोंड उघडलं.

"दूध बघ, उतू जाईल."

मी वळून पाहिलं. दुधाला अजून वाफही धरली नव्हती. सासऱ्यांनी विषय तोडला की आमच्या घरात तो पुन्हा जोडायचा नसतो.

"आणि आता दाराला काय लावू? विळी?" अव्वांनी विचारलं.

"बघतो," म्हणत अप्पांनी टाळं उपरण्यात गुंडाळलं आणि ते पुढच्या दारानं दुकानाकडं गेले.

मला सांगायचं होतं ते एवढंच, की त्या टाळ्याची दुसरी किल्ली माझ्या कमरेच्या जुडग्यात होती.

मागचं दार म्हणजे परसाकडच्या कोठीचं. रेवा रांगायला लागली त्या दिवसांत एकदा ती त्या कोठीत पोत्यांमागं शिरली. अव्वांना दिसली नाही. त्यांनी बाहेरून टाळं लावलं आणि किल्ली घेऊन त्या मठात गेल्या. मी घरभर हाका मारत होते आणि माझी मुलगी दारापलीकडं रडून रडून निळी पडत होती. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक टाळ्याची एक किल्ली मी माझ्याजवळ ठेवायला लागले. अप्पांनीच दुकानाच्या पायरीवर बसून कानशीनं घासून त्या करून दिल्या. "घर आहे का तुरुंग?" असं म्हणाले, पण दिल्या. पटकन सापडाव्यात म्हणून प्रत्येकीला मी लाल दोरा बांधला होता. संगमेश, माझा नवरा, मला जेलरीण म्हणायचा. टाळं काढलं त्या दिवशी तो माल आणायला पुण्याला गेला होता.

अप्पांच्या हातून दिवसाकाठी कितीतरी किल्ल्या जातात. ही एक ते विसरले असतील, असं मी धरून चालले.

त्या दिवशी गाव बंद होतं. नगरपरिषदेनं पट्टी वाढवली होती. घरांची वाढली होतीच, दुकानांची जवळजवळ दुप्पट झाली होती. वरून येणारं अनुदान आटलं होतं, आणि नगराध्यक्षा भोईटेबाईंपुढं दोनच वाटा होत्या: पट्टी वाढवायची, नाहीतर नगरपरिषदेचा दवाखाना आणि रुग्णवाहिका बंद करायची. बाई आधी शाळेत शिकवायच्या. आमच्या वॉर्डाच्या सभेत त्या मठाच्या ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "रस्त्यातला खड्डा वर्षभर चुकवता येतो. दवाखाना चुकवता येत नाही. पट्टी वाढणार. मला शिव्या द्या, पण दवाखाना राहील."

अप्पा उठले होते. "बाई, तुमचा खड्डा चुकवतानाच माझा हमाल पडला आणि हात मोडून तुमच्या दवाखान्यात आला. आधी खड्डा बुजवा. दवाखान्याचं काम आपोआप कमी होईल."

सगळी सभा हसली. बाईसुद्धा हसल्या. मला हसू आलं नाही. दिवाळीत फटाक्यांच्या धुरानं रेवाचा श्वास अडकला होता, तेव्हा त्याच रुग्णवाहिकेतून तिला जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं होतं. ड्रायव्हर दाजी खरात घाटाच्या वळणावरसुद्धा ब्रेक लावत नव्हते, आणि मी गाडीच्या भिंतीत बसवलेल्या सिलिंडरची नळी तिच्या नाकाशी धरून बसले होते. सायरन वाजला की पेठेतल्या बायका दचकतात. मला तेव्हापासून तो ऐकला की धीर येतो.

घरी एकदाच, जेवताना, मी अप्पांना विचारलं होतं, "दवाखाना बंद पडला तर?"

"बंद करा असं कोण म्हणतंय? उधळपट्टी बंद करा म्हणतोय आम्ही. बाजारातल्या गटारीचं कंत्राट तीनदा निघालं, गटार कुठंय?" मग ताटातली भाकरी मोडत जरा खालच्या आवाजात म्हणाले, "तुझं लक्ष सारखं पोरीच्या छातीवर. गावाला छाती एकच नसते, गिरिजा. पोटही असतं."

त्यांचं चुकत होतं असंही नाही. मला फक्त एकच गोष्ट हवी होती. ती गाडी.

आमच्या माडीच्या खिडकीतून चौक दिसतो. समोर नगरपरिषदेचं लोखंडी गेट, आत कचेरी, तिच्या अंगाला दवाखाना, आणि पत्र्याच्या शेडखाली रुग्णवाहिकेचं पांढरं नाक. मी रेवाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले. हलगी वाजत मोर्चा आला. 'जिझिया पट्टी रद्द करा' असा फलक सगळ्यात पुढं, आणि फलकामागं अप्पा. त्यांच्या शेजारी कापडवाले मोहनशेठ पोरवाल. संघाचे सचिव ते, आणि आवाज म्हणजे कर्णा.

अप्पांनी गेटला साखळी गुंडाळली. टाळं अडकवलं. खट्ट झालेलं मला माडीवर ऐकू आलं असं वाटलं. मग त्यांनी किल्ली वर धरली, वार्ताहराच्या कॅमेऱ्यासाठी जरा थांबले आणि चौकातल्या आडात टाकली. टाळ्या, शिट्ट्या, हलगी.

पोरवालशेठ ओरडले, "मागच्या बोळातलं चालतं दार दवाखान्यासाठी उघडं ठेवलंय! पेशंटची गैरसोय करायला आपण काय नगरपरिषद आहोत?"

लोक खदखदून हसले. मी हसता हसता थांबले. चालतं दार म्हणजे माणूस चालत जाईल. दार एवढं अरुंद की सायकल नेतानासुद्धा पायडल घासतं.

"अव्वा," मी म्हणाले, "गाडी कशी निघणार?"

"कुठली गाडी?"

"रुग्णवाहिका. ती आतच आहे. गेटला टाळं लागलं."

अव्वा माझ्या खांद्यावरून डोकावल्या. "सांजच्यापर्यंत काढतील की टाळं. तुझं आपलं काहीतरीच बाई. काही झालं नाही की काय होईल, आणि झालं की मी म्हटलंच होतं."

खाली चौकात आता नोटिसांची होळी चालली होती. घराघरांतून आलेल्या पट्टीच्या नोटिसा लोक ढिगावर टाकत होते. कागद भुरूभुरू जळून जातो, त्यात आंदोलनाला शोभा येत नाही. म्हणून कुणीतरी एक टायर आणून टाकला.

काळा धूर आधी सरळ वर गेला. मग वारा फिरला आणि तो पेठेत घुसला. मी खिडक्या लावल्या, फटीत ओल्या पंच्याची घडी कोंबली. अव्वांनी कापूर लावला, तो मी विझवला. तोवर रेवा खोकायला लागली होती.

तिच्या औषधाचा पंप मास्क लावून दिला. थांबले. पुन्हा दिला. एरवी थोड्या वेळात तिचा चेहरा सैल पडतो. त्या दिवशी पडला नाही. बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती, नाकपुड्या फुलत होत्या. ती रडत नव्हती. रडायला श्वास लागतो.

"अव्वा, मी दवाखान्यात जाते."

"थांब, ह्यांना बोलवून घेऊ."

"त्यांना बोलवायला जाणार कोण?" मी तिला ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलं आणि जिना उतरले.

बोळातल्या चालत्या दारापाशी संघाची दोन माणसं उभी होती. त्यांनी मला ओळखलं, लगेच बाजूला झाली. एकानं वर विचारलंही, "वहिनी, पाणी देऊ का?" माणसं वाईट नव्हती. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं.

डॉक्टर शबाना मुजावर एकट्याच होत्या. त्यांनी वाफेचं यंत्र लावलं, दंडात सुई दिली, मास्क बांधला आणि स्टेथोस्कोप रेवाच्या पाठीवर ठेवून बराच वेळ ऐकत राहिल्या. मी त्यांचा चेहरा बघत होते. चेहरा वाचायची मला सवयच लागली होती.

"जिल्ह्याला हलवूया," त्या म्हणाल्या. "ऑक्सिजनवरच. आणि लगेच. इथल्या सिलिंडरचा काटा खाली यायला लागलाय."

दाजी खरात गाडी काढायला धावले आणि तसेच परत आले. "मॅडम, गेट."

डॉक्टर त्यांच्याकडं बघत राहिल्या. एका क्षणात त्यांना कळलं, आणि मला तर माडीवरच कळलं होतं.

"जीप, टेम्पो, काही?"

"सगळं बंद आहे. आणि सिलिंडर गाडीत ठोकून बसवलेला. तो सोडवायचा, दुसऱ्या गाडीत बांधायचा... एवढा वेळ हाय का आपल्याकडं?"

"पेशंटला गाडीत घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "गेट उघडेपर्यंत तिथला ऑक्सिजन लावते."

रेवाला गाडीत निजवलं. डॉक्टर तिच्याजवळ बसल्या. मी गाडीतून उतरून गेटकडं गेले. भोईटेबाई आधीच तिथं पोचल्या होत्या, गजांना धरून उभ्या. त्याही कचेरीत कोंडल्या गेल्या होत्या ना. पलीकडं सगळी पेठ उभी होती.

"पोरवालशेठ, लहान लेकरू आहे. गाडी जाऊ द्या, मग पाहिजे तर मला पुन्हा कोंडा," बाई म्हणाल्या.

"बाई, हे नाटक कालपासून बसवलं होतं का आज सुचलं?" पोरवाल म्हणाले. मागं चारदोन जण हसले.

तेवढ्यात अप्पांना मी दिसले. "गिरिजा? तू आत कशी?"

"रेवा आहे गाडीत," मी म्हणाले.

हसणं थांबलं. हलगीवाल्याचा हात हवेतच राहिला. अप्पांचा चेहरा असा कोरडा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी आडाकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"कुणीतरी उतरा रे आडात," मागून आवाज आला.

"गाळात काय सापडणार? दुकान उघडा, करवत आणा."

"अप्पांचं दुकान उघडलं की बंद मोडला," पोरवाल म्हणाले. आवाज खाली आला होता, पण शब्द मागं घेत नव्हते. "अप्पा, तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणाच्या पोरासाठी उघडलं असतं तर गोष्ट वेगळी. अध्यक्षांच्या नातीसाठी टाळं तोडलं म्हणजे उद्या पेठ काय म्हणेल? तोडकर आणि बाई आतून एक होते, हेच ना? बाईंनी ठराव मागं घ्यावा. आत्ता, इथं. मी स्वतः टाळं फोडतो, दगडानं."

अप्पा गजांतून आतल्या गाडीकडं बघत राहिले.

गाडीतून डॉक्टर ओरडल्या, "अहो, काय ठरतंय?"

भोईटेबाईंनी मागं वळून गाडीकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. त्या म्हणाल्या, "द्या कागद. लिहून देते. पट्टीवाढ रद्द."

टाळ्या पडल्या नाहीत. कुणीतरी खिशातून वही काढली, कुणी पेन. गजांमधून कागद आत आला. बाईंनी तो गेटच्या खांबावर धरला.

मी तिथंच होते, त्यांच्या हाताच्या अंतरावर. रेवाचा श्वास मला तिथवर ऐकू येत होता, किंवा येतोय असं वाटत होतं. बाई सही करणार, पोरवाल टाळं फोडणार, गाडी निघणार. आज निघणार. आणि पुढच्या वेळी? पुढच्या थंडीत, पुढच्या धुरात, शेडखाली गाडीच नसणार. जिच्यासाठी ही सही होतेय तिचाच श्वास त्या सहीनं विकला जाणार होता, आणि हे बाईंनाही कळत होतं. त्यांचं पेन कागदावर टेकलं होतं आणि हलत नव्हतं.

"बाई, थांबा," मी म्हणाले.

मी जुडगा काढला. किल्ल्या वाजल्या. त्या आवाजानं पुढची माणसं बघायला लागली. लाल दोऱ्यांच्या त्या गुच्छातून मी ती किल्ली वेगळी केली आणि अप्पांकडं पाहिलं.

मला त्यांच्याकडून काय हवं होतं कोण जाणे. मान हलवावी. नको म्हणावं. काहीही. अप्पांनी किल्लीकडं पाहिलं, आणि मग पाठ फिरवली. चक्क माझ्याकडं पाठ करून, गेटला टेकून, दोन्ही हात पसरून गज धरून ते लोकांकडं तोंड करून उभे राहिले.

लाजेनं, असं मला वाटलं. माझं तोंड बघायला नको म्हणून. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून ते मला कधी उणं बोलले नव्हते, आणि आता साऱ्या गावासमोर त्यांनी मला टाकलं होतं. पण हात गजांतून बाहेर गेला होता.

"अहो, तिच्याकडं किल्ली आहे!" कुणीतरी किंचाळलं. "अप्पा, बाजूला व्हा! घ्या तिच्या हातातून!"

अप्पा हलले नाहीत. पोरवाल त्यांच्या खांद्यावरून हात घालायला बघत होते, पण अप्पांच्या पाठीपलीकडं त्यांचा हात पोचत नव्हता.

ती घासून केलेली किल्ली सरळ घातली तर फिरत नाही. जरा वर उचलून धरावी लागते. मी उचलली. फिरली नाही. डोळे मिटले, रेवाला कोठीतून बाहेर काढल्यावर हीच किल्ली कितीदा फिरवून बघितली होती ते आठवलं, आणि पुन्हा उचलली.

टाळं सुटलं. साखळी खाली पडली, सळसळत.

मग मी आणि भोईटेबाईंनी मिळून गेट ढकललं. गेटनं अप्पांना रेटलं तेव्हा कुठं ते बाजूला झाले. मी गाडीत चढले, दाजींनी सायरन सुरू केला. गर्दी आपोआप फाकली. ज्यांनी टायर आणला होता त्यांनीच तो लाथेनं बाजूला केला. गाडीच्या मागच्या काचेतून मी पाहिलं, तर चौकात सगळे आमच्याकडं बघत होते आणि एकटे अप्पा आताही पाठमोरे, उघड्या गेटकडं तोंड करून उभे होते.

घाट उतरेपर्यंत रेवाच्या ओठांवर रंग परतला. इस्पितळात तिला काही दिवस ठेवून घेतलं. संगमेश पुण्याहून थेट तिथंच आला. त्याच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं. तो तिच्या उशाशी बसला आणि म्हणाला, "जेलरीण." मग त्याला रडू आलं.

गावात आंदोलन तिथंच मोडलं. सही न झालेला तो कागद चौकातच कुणाच्या तरी पायाखाली गेला. पट्टी वाढली ती वाढली. अप्पांनी संघाचं अध्यक्षपद सोडलं. पट्टीचं पहिलं बिल आलं तेव्हा त्यांनी आधी हरकत नोंदवली, मग निषेध म्हणून लिहून दिलं आणि त्याच खिडकीवर रांगेत उभं राहून पट्टी भरली. दवाखाना राहिला. गाडीही राहिली, तिच्या जागी पुढं नवी आली. त्यानंतर ती रेवासाठी आली आणि इतर कितीतरी लेकरांसाठी आली. अप्पा गेले त्याला आता काही वर्षं झाली. रेवा बाहेरगावी शिकते, पळण्याच्या शर्यतीत भाग घेते आणि मी अंगावर काटा येऊ देत नाही.

माझं नाव मात्र पेठेत फितूर सून असंच पडलं. "सुनेनं सासऱ्याचं नाक कापलं," हे मी इस्पितळातून परत आले त्याच दिवशी बोळात ऐकलं. भाजीवाली शेपूची जुडी पिशवीत टाकताना म्हणाली, "शिकल्याली माणसं. घरचं कुलूप फोडाय शिकत्यात." मी पैसे दिले आणि निघाले.

त्याच संध्याकाळी मी कोठीत तांदूळ काढायला गेले. मागच्या दाराला नवंकोरं टाळं होतं.

"हे कधी लावलं?" मी अव्वांना विचारलं.

"हे होय? त्याच दिवशी. दुकानाकडं गेले ना, ते नवं टाळं घेऊनच परत आले. तू वर रेवाचं आवरत होतीस. लावलं आणि मग मोर्चाला गेले. म्हटलं, एवढी घाई काय, कोठीत काय सोनं आहे? तर म्हणाले, किल्ल्या खिळ्याला अडकवल्यात, बघ."

स्वयंपाकघराच्या दारामागं आमचे खिळे आहेत. अप्पांचा, अव्वांचा आणि कोपऱ्यातला माझा. माझ्या खिळ्याला एक नवी किल्ली लटकत होती. तिला लाल दोरा बांधलेला होता.

मी तो दोरा बोटांत धरून उभी राहिले. गाठ माझी नव्हती. दुकानात खिळ्यांच्या पुड्या बांधतात तशी ती गाठ होती.

अप्पा पुढच्या पायरीवर बसून रेवाला बॅटरी लावून दाखवत होते. ती बटण दाबायची, उजेड पडला की हसायची.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

काय, असं त्यांनी विचारलं नाही. "मी घासलेली किल्ली मी विसरेन?"

"मग ते सगळं खोटं होतं? आंदोलन?"

"खोटं कसं? पट्टी जास्तच आहे. उद्या पुन्हा निघाला मोर्चा तर पुन्हा जाईन." त्यांनी बॅटरी रेवाच्या हातात दिली. "संघात मी म्हटलं होतं, गाडी आत राहते, गेटला टाळं नको. म्हणाले, अप्पा भ्याले. लोक पेटले की टाळं लावायला सगळे पुढं येतात. काढायला माणूस मिळत नाही. म्हणून ज्याची किल्ली घरात आहे तेच टाळं नेलं."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू माझं माणूस झाली असतीस. मग पोरवाल म्हणतो ते खरं ठरलं असतं."

"आणि पाठ फिरवलीत ती?"

अप्पांनी रेवाचं बोट बटणावर ठेवलं. "तुझ्याकडं बघितलं असतं तर थांबली असतीस," ते म्हणाले. "सून आहेस."

मला राग आला. इतका, की रेवा समोर होती म्हणून आवाज चढला नाही. "गाव मला फितूर म्हणतंय, अप्पा. भाजीवालीसुद्धा."

"ऐकलंय." त्यांनी मान खाली घातली. "ते मला काढता येणार नाही. काढायला गेलो तर संघ उभा राहायचा नाही पुन्हा. आणि संघ लागतो, गिरिजा. गटार अजून झालेली नाही."

माझ्याकडं क्षमा नव्हती. मी आत जायला वळले.

"गाडी आपल्या रेवालाच लागेल, हे मला कुठं ठाऊक होतं?" अप्पा मागून म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं पोर असतं तरी तू माडीवरून उतरली असतीस. त्या भरवशावर नेलं मी ते टाळं."

मी आत आले. उतरले असते का? परक्या लेकरासाठी, गावासमोर, त्या पाठीकडं बघत? अप्पांनी विचारलं नव्हतं. ते धरून चालले होते.

मी खिळ्यावरची किल्ली काढली, दोऱ्याची गाठ तशीच ठेवली आणि ती जुडग्यात अडकवली.